गुण्या आणि ओळंबा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी म्हटला की त्याने चंद्रावर बोलावं, पावसावर बोलावं, फार तर महागाईवर बोलावं, अशी एक समजूत आहे. मी आज काटकोनावर बोलणार आहे. मी बी.ए. झालेला माणूस. गणिताची आणि माझी वाट मॅट्रिकनंतर वेगळी झाली. पण भूमिती काही सुटली नाही, कारण ती वहीत राहत नाही. ती घरात राहते. तुम्ही आता ज्या खोलीत बसला आहात, तिच्या एका कोपऱ्याकडे बघा. दोन भिंती आणि एक जमीन तिथे भेटतात. भिंत भिंतीला लंब, दोन्ही भिंती जमिनीला लंब. एका कोपऱ्यात तीन काटकोन. अशा चार कोपऱ्यांत आणि वर छताशी आणखी चार कोपऱ्यांत आपलं सगळं आयुष्य जातं, आणि आपण त्यांच्याकडे फक्त कोळिष्टकं काढायला बघतो.

आधी शब्द नीट घेऊ. 'लंब' म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभी रेघ येते. ते अर्धंच खरं आहे. उभी रेघ एकटी असेल तर ती नुसती उभी. लंब व्हायला दुसरी रेघ लागते. दोन्ही रेघा तिरप्या असल्या तरी चालतं. वहीवर गुणाकाराची फुली नीट काढली, तर तिच्या दोन्ही रेघा तिरप्या असून एकमेकींना लंब असतात. म्हणजे लंब हा रेघेचा गुण नव्हे. ते नातं आहे. मोठा भाऊ जसा एकट्याने मोठा भाऊ होऊ शकत नाही, तसंच.

हे नातं कसलं, ते युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वी फार सोप्या रीतीने सांगितलं. एका रेषेवर दुसरी रेषा उभी राहिली आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूंचे कोन सारखे झाले, तर तो प्रत्येक कोन काटकोन आणि ती रेषा लंब. नव्वद अंशांचा उल्लेखही नाही. उभी राहणारी रेषा डावीकडे झुकली नाही, उजवीकडे झुकली नाही, एवढंच. त्याने पुढे एक गृहीतक सांगितलं: सगळे काटकोन एकमेकांएवढेच असतात. मलबार हिलचा काटकोन मुंब्र्याच्या काटकोनाहून मोठा नसतो. जागेचे भाव वेगळे, कोन तोच.

आता हा काटकोन जमिनीवर उतरवतो कोण? गवंडी आणि सुतार. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरपर्यंत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जेवढ्या भिंती उभ्या राहिल्या, तेवढ्या क्वचितच कुठे राहिल्या असतील. भातखाचरं होती तिथे चाळी आल्या, चाळी होत्या तिथे सोसायट्या आल्या, आता सोसायट्या पाडून टॉवर येत आहेत. प्रत्येक वेळी कामाच्या पहिल्या दिवशी जे घडतं, ते तेच असतं. मिस्त्री येतो, खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो. एका कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट मोजून खूण करतो, दुसऱ्या दोरीवर चार फूट. मग त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर मोजतो. बरोबर पाच फूट भरलं, तर कोपरा काटकोनात आला. नाही भरलं, तर एक खुंटी हलवायची. मग फक्की टाकून पाया आखायचा.

तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, दोन्ही मिळून पंचवीस, आणि पंचवीस हा पाचाचा वर्ग. शाळेत हे पायथागोरसच्या नावाने शिकलो. जाणता मिस्त्री तीन-चार-पाचवर थांबत नाही. जागा असेल तर तो सहा-आठ-दहा घेतो, मोठ्या प्लॉटवर बारा-सोळा-वीस. कारण टेप धरताना एखाद्या सुताचा फरक होणारच. मोजमाप लहान असेल तर तेवढ्या फरकाने कोन जास्त बिघडतो, मोठं असेल तर कमी. ही गोष्ट त्याला कोणत्या पुस्तकाने सांगितलेली नसते, उस्तादाने सांगितलेली असते.

पुस्तकंही आहेत, आणि फार जुनी आहेत. यज्ञवेदी बांधण्यासाठी आपल्याकडे शुल्बसूत्रं रचली गेली. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा हाच नियम सांगितला आहे, आणि तो सांगून झाल्यावर बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत: तीन आणि चार, बारा आणि पाच, पंधरा आणि आठ, सात आणि चोवीस, बारा आणि पस्तीस, पंधरा आणि छत्तीस. यातली कोणतीही जोडी घ्या, कर्ण पूर्णांकातच येतो. वेदी आखणाऱ्याच्या हातातही दोरी आणि खुंट्याच होत्या.

आता मिस्त्रीच्या पिशवीत हात घालू. तिच्यात दोन वस्तू हमखास असतात. एक ओळंबा, दुसरा गुण्या.

ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. दोरीवर वजनाच्याच रुंदीचा एक तुकडा सरकता असतो. तो भिंतीला वर टेकवायचा आणि वजन खाली सोडायचं. खाली वजन भिंतीला जेमतेम स्पर्श करून थांबलं तर भिंत सरळ. भिंतीपासून सुटून राहिलं किंवा भिंतीवर रेललं तर भिंत कललेली. ओळंबा पृथ्वीला विचारतो. गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. तो पृथ्वीला काही विचारत नाही. या भिंतीचं त्या भिंतीशी कसं आहे, एवढंच तो बघतो. म्हणून दोन्ही लागतात. एखाद्या खोलीच्या चारही भिंती ओळंब्यात असू शकतात आणि तरी एकही कोपरा गुण्यात नसू शकतो. अशा खोलीत कपाट कोपऱ्यात बसत नाही आणि लादीची शेवटची ओळ पाचरीसारखी कापावी लागते.

या दोन शब्दांवर मी जरा रेंगाळणार आहे. तो माझा धंदा आहे.

ओळंबा हा संस्कृत 'अवलंब'मधून आलेला. लंब त्याच्या पोटातच आहे. अवलंबून असणं म्हणजे टांगलेलं असणं. उत्तरेकडून आलेले कारागीर त्याच वस्तूला साहुल म्हणतात. तो अरबी-फारसीतला शाकूल. आणि गुण्या? आपल्या मुलांच्या कंपासपेटीत दोन प्लास्टिकचे गुण्ये असतात, एक तीस-साठचा, एक पंचेचाळीसचा, दोघांचाही एक कोन काटकोन. हा शब्द इतका घरचा वाटतो की तो कुठून आला हे विचारावंसंच वाटत नाही. तो फारसी 'गुनिया'मधून आला, आणि फारसीत तो आला ग्रीक भाषेतल्या कोनाला असलेल्या शब्दावरून, 'गोनिया'वरून.

दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बूझजानी नावाचा मोठा गणिती होऊन गेला. जन्म इ.स. ९४० चा, खुरासानातला. त्याने कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवातच पट्टी, कंपास आणि गुण्यापासून होते. त्यात कारागीर आणि गणिती एकत्र बसून चर्चा करत त्याचीही हकिकत आहे. तीन सारख्या चौरसांचे तुकडे करून एक मोठा चौरस कसा करायचा, असा प्रश्न. गणिती सिद्धतेने समाधानी होतो, पण तुकडे कसे कापायचे ते सांगत नाही. कारागीर कापून जोडून दाखवतो, डोळ्याला पटतं, पण मोजायला गेलं तर चूक निघते. अबुल वफा दोघांनाही थोडं थोडं सुनावतो आणि मग बरोबर रीत सांगतो. हजार वर्षांपूर्वीची ही बैठक वाचताना मला आपल्या साइटवरचे इंजिनीअर आणि मिस्त्री आठवले.

आणखी एक प्रवास ऐका. युक्लिडची भूमिती ग्रीकमधून अरबीत गेली. तेराव्या शतकात नासिरुद्दीन तूसीने अरबीत तिची नवी मांडणी केली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राटाने ती अरबीतून संस्कृतात आणली आणि ग्रंथाचं नाव ठेवलं 'रेखागणित'. म्हणजे पंडितजी अरबी शिकले तेव्हा संस्कृतला युक्लिड मिळाला.

मला अधूनमधून कार्यक्रमांत एक प्रश्न विचारतात. प्रेमानेच विचारतात. "तुम्ही मुसलमान असून मराठीत कसं काय लिहिता?" मी पूर्वी लांब उत्तर द्यायचो. कोकणातलं घर, शाळा, आईची बोली, शेख महंमदांपासूनची परंपरा. आता मी मिस्त्रीची पिशवी दाखवतो. तिच्यात ओळंबा आणि गुण्या एकाच फडक्यात गुंडाळलेले असतात. एक शब्द संस्कृतातून आला, एक ग्रीक-फारसीतून. मराठी माणूस दोन्ही शब्द वापरतो आणि कुठला कुठून आला हे विचारायला काम थांबवत नाही. थांबवलं तर भिंत वाकडी होईल. आपल्याकडे 'गुण्यागोविंदाने नांदणे' म्हणतात, त्यातल्या गुण्याचा या गुण्याशी संबंध आहे असा दावा मी करणार नाही. कोशवाली मंडळी रागावतील. पण सोसायटीच्या बैठकीला जाताना हा गुण्या खिशात असावा, असं मात्र वाटतं.

आता आकारांकडे वळू. लंब कुठे कुठे लपलेला असतो ते पाहण्यात गंमत आहे.

चौरस आणि आयत यांचं सरळ आहे. चारही कोपरे काटकोनात. पण चार काड्या खिळ्यांनी जोडून आयत करा आणि एका बाजूने ढकला. तो कलंडतो, समांतरभुज चौकोन होतो. बाजू तेवढ्याच, घेर तेवढाच, पण आतली जागा कमी. दहा फुटांच्या चार भिंती काटकोनात असतील तर आत शंभर चौरस फूट. त्याच चार भिंती साठ अंशांत कलल्या तर साडेशहाऐंशी. तीस अंशांत आल्या तर पन्नास. विटा तेवढ्याच, सिमेंट तेवढंच, रंगाचा खर्च तेवढाच. चौरस फुटावर हप्ते फेडणाऱ्या डोंबिवलीकरांना काटकोनाची किंमत यापेक्षा वेगळी सांगायला नको. कारण क्षेत्रफळात तिरपी बाजू धरत नाहीत, तिच्यावरची लंब उंची धरतात. त्रिकोणातही पाया आणि उंची. ती उंची म्हणजे शिरोबिंदूपासून पायावर टाकलेला लंब. समलंब चौकोन हे नाव ऐकून मुलं त्यात काटकोन शोधत बसतात. तो कोपऱ्यात असेलच असं नाही. त्याच्या दोन समांतर बाजूंमधला लंब कुठेही टाका, सारखाच भरतो, म्हणून तो समलंब.

दिवाळीत शेजारून शंकरपाळी येतात आणि ईदेला आमच्याकडून शीरखुर्मा जातो. ती शंकरपाळी खाण्याआधी एक मिनिट बघा. पोळी लाटून कातणीने एका दिशेला पट्टे कापले, मग तिरप्या दिशेने तेवढ्याच रुंदीचे पट्टे कापले, की जो तुकडा पडतो त्याच्या चारही बाजू सारख्या होतात. त्याच्या कोपऱ्यांत काटकोन नसतो. पण समोरासमोरचे कोपरे जोडणारे दोन कर्ण मनातल्या मनात काढा. ते मधोमध एकमेकांना बरोबर काटकोनात छेदतात. कोपऱ्यात नाही, पण पोटात आहे. संक्रांतीच्या पतंगातही तेच. उभी काडी आणि पतंगाची आडवी टोकं जोडणारी रेघ काटकोनात असतात. हा लंब चुकला की पतंग एका बाजूला गोते खातो आणि मुलं मांज्याला दोष देतात.

वर्तुळाला तर कोपराच नाही, मग तिथे लंब कुठला? सायकलचं चाक बघा. चाक रस्त्याला ज्या बिंदूत टेकतं, तिथपर्यंत आसापासून रेघ काढली तर ती सपाट रस्त्याला लंब असते. चाक कितीही फिरो, टेकलेल्या ठिकाणी त्रिज्या आणि रस्ता यांचा काटकोन कायम. एक उपयोगाची गोष्ट सांगतो. फुटक्या बांगडीचा तुकडा हातात आहे आणि अख्खी बांगडी केवढी होती ते शोधायचं आहे. तुकडा कागदावर ठेवून कड गिरवा. त्या कमानीत दोन जीवा काढा आणि प्रत्येकीच्या मध्यावर लंब उभारा. दोन्ही लंब जिथे भेटतील, तिथे बांगडीचं केंद्र. आणि सुताराची युक्ती ऐका. अर्धगोल खाच बरोबर अर्धी झाली का, हे तो गुण्यानेच तपासतो. गुण्याच्या दोन्ही भुजा खाचेच्या दोन कडांना टेकवायच्या. आतला कोपरा सगळीकडे तळाला लागत गेला, तर खाच बरोबर अर्धवर्तुळ. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, हा प्रमेयाचा भाग आपण परीक्षेपुरता पाठ केला. तो त्याच्यावर पोट भरतो.

आपल्या भागात रेल्वेशिवाय कुठलीच गोष्ट पूर्ण होत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. तेव्हाही दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट होतं, आजही ब्रॉडगेजचं अंतर तेच, १६७६ मिलिमीटर. हे अंतर रुळांना लंब मोजायचं असतं. पट्टी जराशी तिरपी धरली की आकडा वाढतो. कारण एका रेषेपासून दुसऱ्या समांतर रेषेपर्यंतची सर्वांत जवळची वाट लंबाचीच. बाकीच्या सगळ्या वाटा लांबच्या. खालचे स्लीपरही म्हणूनच रुळांना काटकोनात आडवे टाकतात.

आणि या रेल्वेने आपल्या दिशाही बदलल्या. डोंबिवली पूर्व आणि डोंबिवली पश्चिम आपण रोज म्हणतो. पण दिव्याकडून कल्याणकडे जाताना डोंबिवलीजवळ रूळ साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात. त्यामुळे रुळांच्या अलीकडे-पलीकडे जे येतं, ते खरं तर आग्नेय आणि वायव्य. आपली पूर्व ही सूर्याची पूर्व नाही, रुळांची आहे. रस्ते रुळांच्या धोरणाने गेले, इमारती रस्त्यांच्या धोरणाने उभ्या राहिल्या, खोल्या इमारतींच्या धोरणाने. मग त्या खोलीत आपला माणूस नमाज पढायला उभा राहतो. इथून किब्ला पश्चिमेला, पण पश्चिमेपासून सुमारे दहा अंश उत्तरेकडे. नमाजाची ओळ, म्हणजे सफ, त्या दिशेला लंब असावी लागते. त्यामुळे चौकोनी खोलीत जानमाज तिरकी पडते. नवख्या पाहुण्याला वाटतं, घाईत टाकली असावी. ती घाईत टाकलेली नसते. ती भिंतीला लंब नाही, दुसऱ्याच एका रेषेला लंब आहे. शेजारच्या काकूंचीही तीच अडचण. देवघर पूर्वेला हवं, पण स्टेशनच्या पूर्वेला नव्हे. मग दोन्ही घरांत होकायंत्र फिरतं, आणि दोन्ही घरांतली मुलं आता ते मोबाइलवर काढून देतात.

होकायंत्र नसलेल्या काळात दिशा कशी काढत? पुन्हा लंबाने. सपाट जमिनीवर एक काठी ओळंब्यात उभी करायची, तिला शंकू म्हणत. तिच्याभोवती एक वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळावर येईल तिथे खूण करायची, दुपारनंतर पुन्हा येईल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. तिच्या मध्यावरचा लंब दक्षिण-उत्तर. आणि मेच्या मध्याला आपल्याकडे असा एक दिवस येतो की भरदुपारी सूर्याचे किरणच जमिनीला लंब होतात आणि त्या काठीची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. जुलैअखेरही तो येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं.

ओळंबा मात्र ढगांतही काम करतो. तलावपाळीला मासुंदा तलावाच्या काठावर उभे राहा आणि दोरीला वजन बांधून सोडा. ती दोरी तलावाच्या शांत पाण्याला लंब असते. ठाण्यात हे खरं, कल्याणलाही खरं. पण ठाण्याचा ओळंबा आणि कल्याणचा ओळंबा एकमेकांना समांतर नसतात. दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे बघत असतात आणि पृथ्वी गोल आहे. सरळ रेषेत ही दोन गावं सुमारे सतरा किलोमीटर दूर, म्हणून दोन ओळंब्यांमध्ये अंशाच्या सहाव्या भागाहून जरासा कमी कोन पडतो. ओळंबा डोंगराकडेही किंचित ओढला जातो. हिंदुस्थानच्या महासर्वेक्षणात हिमालयाजवळच्या कलियाना आणि मध्य भारतातल्या कल्याणपूर या ठाण्यांच्या मोजमापात पाच सेकंदांहून थोडा जास्त फरक निघाला. १८५५ मध्ये कलकत्त्याच्या जॉन प्रॅट या धर्मोपदेशकाने हिमालयाची ओढ गणिताने काढली, तर ती फरकाच्या तिप्पट भरली. मग डोंगर जमिनीखालीही हलक्या मुळांनी उतरलेले असतात, या विचाराला चालना मिळाली. ओळंबा किती झुकला हे ज्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, त्यांच्यामुळे हे कळलं.

जुन्या कारागिरांचं काम बघायचं असेल तर अंबरनाथला वालधुनीच्या काठचं शिवमंदिर बघा. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं. त्याची बाहेरची भिंत सरळ जात नाही. थोडी पुढे येते, वळते, मागे जाते, पुन्हा वळते. कोपऱ्यामागून कोपरा. कलत्या उन्हात प्रत्येक कोपऱ्याची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत जाते. तेव्हा सिमेंट नव्हतं, लोखंडी सळ्यांचे पिलर नव्हते. दगडावर दगड बसवताना दोरी, ओळंबा आणि काटकोन यांच्यावरच भिस्त होती. साडेनऊशे पावसाळे त्या दगडांनी घेतले.

आणि आपल्या काळातलंही सांगितलं पाहिजे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. ती बेकायदा होती, बांधकाम पुरं व्हायच्या आत खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आली होती. २८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत मातृछाया इमारत पडली. अशा इमारती केवळ ओळंबा चुकला म्हणून पडत नाहीत. वाळू, सिमेंट, सळई, पाया, गंज, परवानगी, पैसा, अशी पुष्कळ कारणं असतात. पण ओळंब्यातून सुटलेला खांब काय करतो हे आपल्याला माहीत असावं. खांब सरळ असला तर वरचं ओझं त्याच्या मधोमध उतरतं आणि खांब नुसता दाबला जातो. काँक्रीटला दाब सोसतो. खांब कलला की तेच ओझं त्याला वाकवायलाही लागतं, आणि वाकणं काँक्रीटला सोसत नाही. ते सळईला सोसावं लागतं. सळई गंजलेली असेल तर कोणालाच नाही. म्हणून गुण्या आणि ओळंबा ही सौंदर्याची गोष्ट राहत नाही. खाली झोपलेल्या माणसांची होते. तिथे मजुरीला आलेली, स्वस्तात खोली मिळाली म्हणून राहिलेली माणसं कुठल्याही कागदावर सही करायला गेली नव्हती.

मी एका जुन्या मिस्त्रींना विचारलं होतं, "मिस्त्री, घाईच्या कामात आधी काय सुटतं?" ते म्हणाले, "भाई, ओळंबा सुटतो. माल कमी पडला तर मालक ओरडतो. ओळंबा नाही लावला तर कोण ओरडणार? प्लास्टर सगळं झाकतं."

प्लास्टर सगळं झाकतं, हे खरं. पण काही काळच. म्हणून आज जाता जाता दोन छोटी कामं सांगतो. या रविवारी घरात टेप असेल तर दिवाणखान्याचे दोन्ही कर्ण मोजा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. समोरासमोरच्या भिंती सारख्या असतील आणि दोन्ही कर्णही सारखे भरले तर खोली काटकोनात. इंच-दीड इंचाचा फरक निघाला तर घाबरू नका, बहुतेक घरांत निघतो. मुलांना बरोबर घ्या. पायथागोरस त्यांना त्या दिवशी जास्त कळेल.

दुसरं काम दारांचं. चौकट हाही एक आयतच. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दार अडकतं, ते आपण समजू शकतो. पण इमारत जुनी असेल आणि भरउन्हाळ्यात एखादं दार किंवा खिडकी अचानक लागेनाशी झाली, चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरपी भेग निघाली, एकाच घरात नव्हे तर वरच्या-खालच्या घरांतही तसंच झालं, तर आयत कलंडू लागला आहे का ही शंका घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, कायद्याने करायची असते. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्या यादीची वाट बघत बसू नका. सुतार येईल, रंधा मारील, दार पुन्हा लागेल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. तेव्हा रंधा मारून घेण्याआधी एक ओळंबा खांबाजवळ सोडून बघा, आणि जे दिसेल ते सोसायटीच्या वहीत तारखेसह लिहून इंजिनीअरला बोलवा.